बाळोत्याचा इतिहास : गृहशौचांतील एका सवलतीचा मागोवा

१

नगरांच्या आरोग्याचा इतिहास लिहितांना आमच्याकडे नळ, गटारें, हौद आणि तलाव यांचें वर्णन मोठ्या आवडीनें केलें जातें. मोहेंजोदडोच्या विटांच्या मोऱ्या, नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजहून पुण्यांत आणलेलें पाणी, मुंबईस १८६० सालीं मिळालेलें विहार तलावाचें पाणी, हे विषय वाचकांच्या परिचयाचे आहेत. परंतु हें पाणी ज्या घरांत गेलें त्या घरांतील रांगतें मूल बसल्या जागीं जो मळ टाकी तो कोण उचलीत असे, कशानें उचलीत असे, आणि शेवटीं तो कोठें जात असे, हा प्रश्न आमच्या लेखनांत क्वचितच विचारला जातो. विषय किळसवाणा म्हणून तो टाळला गेला असें म्हणावें, तर प्रौढांच्या शौचकूपांविषयीं आणि ते साफ करणाऱ्या लोकांविषयीं बरेंच लेखन झालें आहे. खरें कारण निराळें आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाचा मळ निरुपद्रवी असतो, त्याची घाण मानावयाची नसते, ही समजूत आमच्या घरांत इतकी मुरलेली आहे कीं, जी घाणच नव्हे तिच्या विल्हेवाटीचा इतिहास तरी काय असणार, असें संशोधकासही वाटून जातें.

ही समजूत खोटी आहे, आणि तिची किंमत बहुतांशीं लहान मुलांनींच दिली आहे. ती कोठून आली याचा शोध घेऊं लागल्यास बोट सहजच धर्मशास्त्राकडे वळतें. कारण बालकास शौचाशौचाचे नियम नाहींत, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु मूळ ग्रंथ उघडून पाहिल्यावर आमची जी खात्री झाली ती थोडक्यांत अशी : प्राचीन ग्रंथकारांनीं बालकास दोषांतून आणि दंडांतून मोकळें केलें, त्याच्या मळास मोकळें केलें नाहीं. तो साफ करण्याचें काम त्यांनीं मोठ्यांकडे ठेविलें होतें. पुढें रूढीनें ह्या व्यवस्थेचा पहिला अर्धा भाग जपला आणि दुसरा विसरला. अर्वाचीन नगरपालिकांच्या कायद्यांनींही तो विसरलेला भाग भरून काढला नाहीं. प्रस्तुत लेखांत ह्या विधानाचे पुरावे क्रमानें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

२

प्रथम धर्मसूत्रें पाहूं. गौतमधर्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा आरंभच ह्या विषयानें होतो. उपनयनापूर्वीं मुलानें वागण्याबोलण्यांत व खाण्यापिण्यांत मन मानेल तसें चालावें. मलमूत्रविसर्जनाच्या बाबतींतही त्यास बंधन नाहीं. आचमनाचा विधि त्यास लागू नाहीं. आणि त्याच्या स्पर्शामुळें दुसऱ्यास अशौच येत नाहीं, असें सूत्रकार सांगतो. रूढीनें उचलून धरलेला भाग तो हाच. परंतु त्याच प्रकरणांत पुसणें, धुणें आणि पाणी शिंपडणें हीं तीन कर्में ह्या सवलतीच्या बाहेर ठेविलीं आहेत. म्हणजे बालकास मंत्र नाहीं, आचमन नाहीं, प्रायश्चित्त नाहीं. धुणें मात्र आहे. जें तान्हें मूल स्वतःस धुवूं शकत नाहीं त्याचें धुणें कोणाकडे जातें, हें सांगावयास नको.

मनुस्मृतींत शौचाचे नियम चौथ्या व पांचव्या अध्यायांत आहेत. वाटेवर, राखेंत, गायरानांत, नांगरलेल्या शेतांत आणि पाण्यांत मलमूत्र टाकूं नये. घरांतील घाण राहत्या जागेपासून दूर नेऊन टाकावी. शौचानंतर मातीनें हात किती वेळां घांसावे याची संख्या गृहस्थास एक, ब्रह्मचाऱ्यास दुप्पट, वानप्रस्थास तिप्पट आणि संन्याशास चौपट. ह्या चढत्या शिडीवर बालकास पायरीच नाहीं. परंतु नवव्या अध्यायांत राजाच्या कर्तव्यांमध्यें तें एकदम पुढें येतें. कांहीं आपत्ति नसतां जो राजमार्गावर घाण टाकील त्यानें दोन कार्षापण दंड द्यावा आणि ती घाण ताबडतोब काढावी, असा तेथें नियम आहे. आणि लगेच पुढच्या श्लोकांत संकटांत सांपडलेला मनुष्य, वृद्ध, गर्भिणी आणि बालक यांस दंड न करितां केवळ शब्दानें समज द्यावी, मात्र ती जागा साफ झाली पाहिजे, असें म्हटलें आहे. आमच्या मतें ह्या विषयांतील सर्वांत महत्त्वाचें वचन हेंच होय. दंडाची माफी आणि सफाईची माफी ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें स्मृतिकारानें येथें स्पष्ट केलें आहे. पहिली तो देतो. दुसरी कोणासच देत नाहीं.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी १९०५ सालीं म्हैसूर येथें श्यामशास्त्री यांच्या हातीं आली व १९०९ सालीं ती छापून निघाली. नगराच्या कारभाराच्या प्रकरणांत रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यास पणाचा आठवा हिस्सा, चिखलपाण्यानें रस्ता अडविणाऱ्यास चौथा हिस्सा, आणि तीर्थ, पाणवठा, देऊळ व राजवाडा यांच्या ठिकाणीं विष्ठा टाकणाऱ्यास एका पणापासून चढता दंड तींत सांगितला आहे. औषध, व्याधि अथवा भय ह्यांमुळें तसें घडल्यास दंड नाहीं. ह्याहून आमच्या विषयास जवळचें वचन घरबांधणीच्या प्रकरणांत आहे. उकिरडा, पाण्याची वाट आणि विहीर हीं घरास योग्य अशा जागेखेरीज इतरत्र करूं नयेत. अपवाद एकच, तो सूतिकाकूपाचा, आणि तोही दहा दिवस पुरे होईपर्यंत. बाळंतिणीच्या घाणपाण्यासाठीं घराजवळ तात्पुरता खड्डा घेण्याची मुभा येथें आहे, आणि त्या मुभेस मुदत घातलेली आहे. राजाच्या कायद्यांत प्रसूतीच्या मळास स्वतंत्र खड्डा असावा, ही लहान गोष्ट नव्हे.

तिसरा साक्षीदार वैद्यक. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत कुमारागाराचें, म्हणजे बालकाच्या खोलीचें वर्णन आहे. तींत पाणी, उखळ, मलमूत्राची जागा, स्नानाची जागा आणि स्वयंपाकाची जागा हीं एकमेकांपासून नीट वेगळीं केलेलीं असावीं, असें सांगितलें आहे. बालकाचें अंथरूण, पांघरूण व वस्त्रें घाम, मळ, कीटक आणि मलमूत्र ह्यांनीं दूषित झाल्यास टाकून द्यावीं. नवीं मिळणें शक्य नसेल तर तींच स्वच्छ धुवून, धुरी देऊन, पुरतीं वाळवून मग वापरावीं. येथें बालकाचा मळ निरुपद्रवी मानल्याचा मागमूसही नाहीं. गरिबाच्या घरीं कपडा टाकून देतां येत नाहीं, हें जाणून ग्रंथकारानें दुसरी वाट सांगितली आहे. आणि धुणें, धुरी व वाळविणें ह्या त्या वाटेवरील तीन पायऱ्या आजही कोणास खोडून काढतां येणार नाहींत.

एतावता धर्मशास्त्र, राजनीति आणि वैद्यक ह्या तिन्ही शाखांचा कौल एकच आहे : मूल निर्दोष, मळ नव्हे.

३

आतां महाराष्ट्राकडे वळूं. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील, रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत गडाच्या स्वच्छतेविषयीं जी सूचना आहे ती वाचकांस स्मरतच असेल. गडावरील वाटांवर, बाजारांत व तटालगत केर पडूं देऊं नये. झाडलेला केर गडाखालीं न लोटतां जागोजाग जाळावा आणि त्याची राख परसांत टाकून तीवर घरोघर भाजीपाला करावा, असें तींत म्हटलें आहे. राजगडासारख्या किल्ल्यांवर बांधलेले शौचकूप आजही पाहावयास मिळतात. तेव्हां केराची वाट काय लावावी आणि शिबंदीनें कोठें बसावें, ह्या दोन्ही गोष्टींचा विचार मराठी राज्यांत झालेला होता. परंतु ही व्यवस्था केराची आणि प्रौढांची. गडावरील घरांत मुलेंबाळेंही होतीं; त्यांचा मळ हा गडकऱ्याच्या अखत्यारींतील विषय नव्हता, तो घरांतील बाईचा विषय होता.

शहरांतील वाड्यांत हा फरक अधिक स्पष्ट दिसतो. संपन्न वाड्याच्या मागील अंगास शेतखाना असे. हा शब्द फारशी सेहतखाना, म्हणजे आरोग्याचें घर, ह्यापासून आलेला आहे. तो साफ करणाऱ्यास हलालखोर म्हणत, आणि हें नांव अकबर बादशहानें प्रचारांत आणलें असें आइने-अकबरींत नमूद आहे. नांवें अशीं गोड ठेवावीं आणि काम मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठराविक जातींच्या माथीं मारून त्यांस अस्पृश्य ठरवावें, हा आमच्या समाजाचा अन्याय होय, आणि स्वच्छतेचा कोणताही इतिहास तो वगळून लिहितां येणार नाहीं. आमच्या विषयापुरतें पाहावयाचें तें इतकेंच कीं, ह्या व्यवस्थेनें घरांतील मळाचे दोन भाग केले. प्रौढांचा मळ परक्याच्या हातानें वाड्याबाहेर गेला. बाळाचा मळ घरच्या स्त्रीच्या हातानें घरांतच, अथवा घराच्या उंबऱ्याशीं राहिला.

ती रीत आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं स्वतः पाहिलेली असेल. आई पाटावर बसे, दोन्ही पाय जवळ घेई आणि तान्ह्यास पायांवर बसवी. खालीं पडलेल्या मळावर चुलींतील राख टाकावयाची, सुपलीनें अथवा फडक्यानें तो उचलावयाचा, परसांतील उकिरड्यावर नेऊन टाकावयाचा आणि जमीन शेणानें सारवावयाची. मूल चालूं लागलें कीं त्यास दारापुढील गटाराच्या कांठावर बसवावयाचें. रात्रीं भिजलेलीं व भरलेलीं बाळोतीं सकाळीं मोरींत खळबळावयाचीं. गांव नदीकांठीं असेल तर तीं घाटावर न्यावयाचीं. ह्या रीतींत कांहीं अंश निश्चित चांगला होता. राखेनें मळ सुकतो आणि माशा दूर राहतात; उन्हांत कडकडीत वाळलेलें बाळोतें ओल्याहून कितीतरी सुरक्षित असतें. परंतु शेवटची पायरी प्रत्येक वेळीं चुकली. उकिरडा परसांतील विहिरीजवळ असे. मोरीच्या कट्ट्यावर पिण्याच्या पाण्याचे हंडे असत व खरकटीं भांडीं तेथेंच घांसलीं जात. आणि गटाराच्या कांठाशीं दुसऱ्या घरचीं मुलें खेळत असत.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. आमच्याकडे सोयर दहा दिवसांचें. कौटिल्यानें सूतिकाकूपास दिलेली मुदतही दहाच दिवसांची. ह्या दहा दिवसांत बाळंतीण निराळ्या खोलींत, तिचे कपडे निराळे, तिची शिवाशीव नाहीं, असा कडक बंदोबस्त असतो. दहा दिवस झाले, न्हाऊन सोयर फिटलें, कीं बंदोबस्त उठतो. परंतु बाळोतीं दहा दिवसांनीं थांबत नाहींत. तीं दोन अडीच वर्षें चालतात. जोंवर विटाळ होता तोंवर मळासही जागा होती. विटाळ संपला आणि मळाची जागाही संपली. शौच म्हणजे स्वच्छता आणि शौच म्हणजे पावित्र्य, ह्या दोन अर्थांची गल्लत कोठें झाली हें पाहावयाचें असल्यास तें येथें दिसतें.

४

ही सवलत किती महाग पडूं शकते याचा मोजलेला पुरावा जगाच्या इतिहासांत एका ठिकाणीं मिळतो. तें ठिकाण आमच्या देशांतील नव्हे; परंतु तेथें आलेला रोग आमच्याच बाजूचा होता. १८१७ सालीं बंगालमध्यें भडकलेली पटकी १८१८ सालीं पश्चिम हिंदुस्थानांत पोहोंचली, आणि पुढील काळांत तिच्या लाटा युरोपपर्यंत गेल्या. ज्या रोगास आमच्याकडे महामारी म्हणत आणि ज्याच्या शांतीसाठीं जरीमरीची पूजा करीत, तोच रोग १८५४ च्या ऑगस्टच्या अखेरीस लंडनच्या सोहो भागांतील ब्रॉड स्ट्रीटवर एका रात्रींत फुटला. दहा दिवसांत सुमारें ५०० माणसें मेलीं. एकंदर मृत्यु ६१६ मोजले गेले.

डॉक्टर जॉन स्नो यांनीं मृतांचीं घरें नकाशावर मांडून हे लोक एकाच सार्वजनिक पंपाचें पाणी पीत होते असें दाखविलें, आणि ८ सप्टेंबर रोजीं त्या पंपाचा दांडा काढण्यांत आला. ही कथा प्रसिद्ध आहे. परंतु त्या विहिरींत विष आलें कोठून, हें तेव्हां कळलें नव्हतें. विहीर आंतून तपासली असतां ती शाबूत दिसली. उत्तर सांपडलें तें हेन्‍री व्हाइटहेड ह्या तरुण पाद्र्यास. आणि तो आरंभीं स्नो यांचें मत खोडून काढण्याच्या उद्देशानेंच घरोघर हिंडत होता. मृत्यूंच्या नोंदी चाळतांना त्यास पंपासमोरच्याच घरांतील एका पांच महिन्यांच्या मुलीची नोंद दिसली. तिचा मृत्यु २ सप्टेंबरचा. कारण पटकी नव्हे, तर चार दिवसांच्या अतिसारानें आलेला थकवा असें लिहिलेलें. म्हणजे ती मुलगी पंपाच्या परिसरांत साथ फुटण्यापूर्वींच आजारी पडली होती.

व्हाइटहेडनें तिच्या आईस गांठलें. बाळोतीं बादलींत भिजवून तें पाणी आपण घरापुढील मैल्याच्या खड्ड्यांत ओतीत होतों, असें तिनें सांगितलें. त्यानंतर खणून पाहिलें तेव्हां त्या खड्ड्याच्या विटा निसटलेल्या, आणि खड्डा व विहीर यांमधील अंतर तीन फुटांहूनही कमी, असें आढळलें. मधली माती मैल्याच्या पाण्यानें भिजलेली होती. मुलीचा बाप पोलीस शिपाई होता. तोही ८ सप्टेंबरला, म्हणजे दांडा निघाला त्याच दिवशीं, पटकीनें आजारी पडला आणि पुढें मेला. दांडा तेव्हां निघाला नसता तर त्या बापाच्या मळानें विहीर पुन्हां दूषित झाली असती, ही गोष्टही पुढें ध्यानांत आली.

ह्या प्रकरणांत आमच्या दृष्टीनें तीन गोष्टी बोलक्या आहेत. पहिली : मळाचा खड्डा होता, तो घराचा होता, आणि आईनें आपल्या समजुतीप्रमाणें योग्य तेंच केलें होतें, दोष तिच्या आळसाचा नव्हता, खड्डा आणि विहीर जोडून बांधणाऱ्यांचा होता. दुसरी : तान्ह्याचा अतिसार हा साथीच्या हिशेबांत धरलाच गेला नाहीं, कारण लहान मुलांस तो होतच असतो असें मानलें जाई. तिसरी : मोठमोठ्या अधिकाऱ्यांचें लक्ष गटारांच्या दुर्गंधीकडे असतां खरें कारण एका बादलींत आणि कांहीं बाळोत्यांत होतें. त्याच १८५४ सालीं फ्लॉरेन्स येथें पाचीनी ह्या शास्त्रज्ञास पटकीचा जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं दिसला होता. परंतु जगानें त्याची दखल घेतली नाहीं. रॉबर्ट कॉख यांनीं १८८४ सालीं कलकत्त्यास त्या जंतूची खात्री करून घेतल्यावर हा वाद मिटण्याच्या मार्गास लागला.

५

लंडनचा हा धडा मुंबईच्या कारभाऱ्यांपर्यंत आला तो अर्धाच आला. पाणी शुद्ध हवें, हें पटलें. घरांतील मळाची वाट शेवटपर्यंत पाहिली पाहिजे, हें मागें राहिलें. मुंबईच्या १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यांत घरांवर तीन पट्ट्या बसविण्याची तरतूद होती : पाण्याची, हलालखोरांची आणि सर्वसाधारण. कायद्यांतच एका पट्टीस हलालखोरांचें नांव असावें, यावरून त्या शहराचें आरोग्य कोणाच्या डोक्यावरील टोपलीवर उभें होतें हें कळून येतें. इमारतींच्या मागें अरुंद घरगल्ली असे. तींतून हलालखोर शिरे, शौचकूपाखालील टोपली काढी आणि मैला वाहून नेई. शौचकूप, मोरी, गल्ली आणि टोपली ह्या चार गोष्टींवर सर्व हिशेब चाले.

ह्या हिशेबांत दोन वर्षांचें मूल कोठें बसतें? गिरणगांवांतील चाळींत एका खोलींत एक कुटुंब, खोलीच्या कोपऱ्यांत लहानशी मोरी, आणि सामाईक संडास गॅलरीच्या टोंकास. ते अंधारे, ओले आणि मोठ्या माणसाच्या मापाचे. लहान मुलास तेथें नेण्यास आई धजत नसे. मूल मोरींत बसे, नाहीं तर गॅलरींत कागदावर. आणि तो कागद मागील गल्लींत जाई. मोरीचें पाणीही त्याच गल्लींत उतरे. हलालखोराची टोपली प्रौढांसाठीं होती. मुलाचा मळ टोपलींत न पडतां गल्लींत पडला, म्हणजे तोही शेवटीं त्याच माणसाच्या पायांखालीं आला. १९२१ च्या शिरगणतीच्या वेळीं मुंबईचे सुमारें दोनतृतीयांश लोक अशा एकखणी बिऱ्हाडांत राहत होते. त्या वर्षीं शहरांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें वर्षाच्या आंतील ६०० हून अधिक बालकांचे मृत्यु नोंदले गेले. हा आंकडा जसाच्या तसा घेणें योग्य होणार नाहीं. कारण अनेक बायका बाळंतपणास कोंकणांत व घाटावर जात, त्यामुळें जन्माची नोंद गांवीं अथवा कोठेंच नाहीं आणि मृत्यूची मात्र मुंबईंत, असा प्रकार होई. तसेंच हे सर्व मृत्यु मळामुळेंच झाले असेंही नव्हे. दूध, दाटी, उपासमार, आईचें कारखान्यांतील काम हीं कारणें होतींच. परंतु आंकड्यांतून ही सर्व सूट वजा केली तरी जें उरतें तें भयंकर आहे.

महाराष्ट्रांत ह्या विषयाचा विचार करणारीं माणसें नव्हतीं असें नाहीं. सेनापति बापट आणि गाडगेबाबा यांनीं हातांत झाडू घेतला. कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धन यांनीं भंगीकाम हें स्वतःचें काम मानलें; १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत तें काम करूं द्यावें म्हणून त्यांनीं अन्नसत्याग्रह केला, आणि पुढें कणकवलीच्या गोपुरी आश्रमांतून मळाचें खत करणारा साधा संडास लोकांपुढें ठेविला. मुंबई सरकारनें १९४९ सालीं नेमलेल्या बर्वे समितीनें सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी केली. ह्या सर्वांचा रोख योग्यच ठिकाणीं होता : मळ दुसऱ्याच्या डोक्यावर देऊं नये. परंतु संडास कितीही चांगला असला तरी, जें मूल त्यावर बसत नाहीं त्याच्यासाठीं तो असून नसल्यासारखा असतो.

६

वैद्यकशास्त्रानें गेल्या शतकांत जें सिद्ध केलें तें रूढ समजुतीच्या नेमकें उलट आहे. लहान मुलांस आंतड्यांचे रोग अधिक वेळां होतात. म्हणून त्यांच्या मळांत रोगजंतु आढळण्याचा संभव मोठ्यांपेक्षां अधिक असतो. शिवाय जें मूल निरोगी दिसतें त्याचाही मळ निरोगी असेलच असें नाहीं. पोलिओच्या विषाणूची बाधा झालेल्या बहुसंख्य मुलांत कांहींच लक्षण दिसत नाहीं, तरी त्यांच्या मळांतून तो विषाणु कित्येक आठवडे बाहेर पडत असतो. काविळीच्या एका प्रकाराचीही गोष्ट अशीच आहे. लहान मुलांच्या अतिसाराचें एक मोठें कारण असलेला रोटाव्हायरस १९७३ सालीं ओळखला गेला, आणि त्यावरील लस २०१६ पासून भारताच्या सार्वत्रिक लसीकरणांत येऊं लागली. भारतांत वन्य पोलिओ विषाणूचा अखेरचा रुग्ण २०११ सालीं आढळला. लसीनें जें साधलें तें थोर आहे. परंतु मोरी आणि हंडा यांमधील अंतर लसीनें वाढत नाहीं.

डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करणारे कायदे १९९३ व २०१३ सालीं झाले. महाराष्ट्रांत गाडगेबाबांच्या नांवानें ग्रामस्वच्छता अभियान निघालें. २०१४ सालीं देशभर संडास बांधण्याची मोहीम सुरू झाली, आणि २०१९ च्या गांधीजयंतीस ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचें जाहीर झालें. तथापि ओडिशांतील खेड्यांत व इतरत्र झालेल्या पाहण्यांत असें दिसून आलें कीं, ज्या घरीं संडास आहे त्या घरींही लहान मुलाचा मळ पुष्कळदां संडासांत न जातां परसांत, गटारांत अथवा केरांत जातो. संडास बांधून झाला, जुनी सवलत मात्र उठली नाहीं. खरें पाहतां उपाय साधा आहे : मळ संडासांत टाकावा, बाळोत्यास लागलेला मळ आधीं तेथें झटकून मग तें साबणानें धुवावें व उन्हांत वाळवावें, भांडें अथवा सुपली वापरल्यास ती धुतलेलें पाणीही संडासांतच ओतावें, आणि हात साबणानें धुतल्यावांचून चुलीकडे वळूं नये. चरकाच्या तीन पायऱ्यांत साबण आणि संडास ह्या दोहोंची भर घातली कीं हें सर्व आलें. घरांतील पुरुषांनींही हें काम शिकावें, ही भर मात्र कोणत्याही जुन्या ग्रंथांत सांपडत नाहीं. ती आम्हांस स्वतः घालावी लागेल.

शहरांत आतां बाळोत्याची जागा एकदां वापरून फेकण्याच्या लंगोटांनीं घेतली आहे. मळासकट गुंडाळलेला तो लंगोट केराच्या डब्यांत जातो, आणि डब्यांतून तो कचरा वेगळा करणाऱ्या स्त्रीच्या हातीं येतो. असे लंगोट नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यांत टाकावे, असें घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत सांगावें लागलें. पूर्वीं प्रौढांचा मळ परक्याच्या माथीं जाई आणि बाळाचा घरच्या बाईच्या हातीं राही. आतां बाळाचाही परक्याच्या हातीं जाऊं लागला आहे. मनूच्या श्लोकांत दंड माफ करून जागा साफ झाली पाहिजे असें म्हटलें आहे. ती कोणी करावी हें त्यानें मोघम ठेविलें, आणि त्या मोघमपणाचा फायदा समाजानें दोन हजार वर्षें घेतला.

शेवटीं संशोधकांस एक विनंति. ह्या विषयाचीं साधनें दफ्तराच्या रुमालांत थोडीं आणि घरांत अधिक आहेत. पुण्यांतील व इतर गांवांतील जुने वाडे, मुंबईच्या चाळी, झपाट्यानें पाडल्या जात आहेत. त्यांची मोजमापें घेतांना दिवाणखान्याच्या खांबांबरोबर मोरीचा उतार, तिच्यापासून विहिरीचें अंतर, उकिरड्याची जागा आणि बाळंतिणीच्या खोलीची मोरी हींही टिपून ठेवावीं. आणि ज्या वृद्ध स्त्रियांनीं त्या मोऱ्यांत बाळोतीं धुतलीं त्यांस, त्या हयात आहेत तोंवर, विचारून घ्यावें. त्यांनीं किती मुलें वाढविलीं हें त्या आपण होऊन सांगतात. किती दगावलीं आणि कशानें, हें मात्र विचारावें लागतें.